कर्जाच्या गळ्यात बांधलेला विमा: प्रीमियम परत कसा मागायचा

प्रश्न: वडिलांच्या बायपाससाठी घाईघाईत एका खासगी बँकेतून ५ लाखांचं पर्सनल लोन घेतलं. व्याज १४ टक्के, मुदत ५ वर्षं, हप्ता ११,६३४ रुपये. खात्यात मात्र ४,६६,९६० रुपयेच जमा झाले. प्रोसेसिंग फीचे ११,८०० आणि विम्याचे २१,२४० आधीच कापले होते. फोनवरचा मुलगा म्हणाला होता, "मॅडम, इन्शुरन्स कंपल्सरी आहे, त्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. शिवाय तुमचा जॉब गेला तर हप्ते कंपनी भरते." मी एका लॅबमध्ये ११ महिन्यांच्या करारावर काम करते. थायरॉइडची गोळी रोज चालू आहे, पण तब्येतीचं कुणी काही विचारलंच नाही. ओटीपी मागतील तसे देत गेले. विम्याचा एकही कागद आला नव्हता. तीन महिन्यांनी कस्टमर केअरच्या मागे लागल्यावर गेल्या आठवड्यात ईमेलवर दोन सर्टिफिकेटं आली. शाखेत गेले, तर म्हणाले, "मुदत संपली, आता फार तर सरेंडरचा फॉर्म भरा." खरंच काही होत नाही का? – एक वाचक भगिनी, धायरी

उत्तर: ताई, होतं. पण सगळ्यात आधी एक सांगतो, तो सरेंडरचा, म्हणजे विमा मुदतीआधी सोडून देण्याचा, फॉर्म भरू नका. त्यावर सही केली की कागदोपत्री चित्र असं उभं राहतं की विमा तुम्ही राजीखुशीने घेतला होता आणि आता तुम्हाला तो नकोसा झाला आहे. मग कंपनी तिच्या सूत्राप्रमाणे सरेंडर व्हॅल्यू देते, जी भरलेल्या प्रीमियमपेक्षा कमी असते, आणि पुढे तक्रार केली की तुमचीच सही तुमच्यापुढे ठेवते. तुमचं म्हणणं "विमा बंद करा" एवढंच नाही. "हा विमा माझी खरी संमती न घेता, चुकीची माहिती देऊन माझ्या माथी मारला, म्हणून पूर्ण प्रीमियम आणि त्यावर लागलेलं व्याज परत करा," असं तुमचं म्हणणं आहे. या दोन मागण्यांत हजारो रुपयांचा फरक पडतो. प्रत्येक अर्जात दुसरीच मागणी लिहा.

दुसरी गोष्ट वेळेची. आयुर्विम्याच्या पॉलिसीला "फ्री लूक" म्हणजे वाचून परत करण्याची मुदत असते. २०२४ च्या नियमांपासून ती ३० दिवसांची आहे, आणि ती कर्ज मिळाल्याच्या तारखेपासून मोजत नाहीत. पॉलिसीचा कागद तुमच्या हातात पडला त्या दिवसापासून मोजतात. शाखेतल्या माणसाने कर्जाची तारीख धरून मुदत संपवून टाकली, हे चूक आहे. तुमचे ३० दिवस गेल्या आठवड्यात सुरू झाले, तेव्हा हा अर्ज या आठवड्यातच जायला हवा. कागद आधीच पाठवला होता असं कंपनीचं म्हणणं असेल, तर तो कधी, कुठल्या पत्त्यावर, कुठल्या ईमेलवर पोचला याचा पुरावा तिने द्यायचा आहे. सर्टिफिकेट उघडा आणि त्यावरचा ईमेल आणि मोबाइल नंबर अक्षर न् अक्षर तपासा. फाइल पटकन पुढे ढकलायला एजंटाने भलताच ईमेल टाकून दिलेला अनेकदा सापडतो. तसं असेल तर तो पत्ता अधोरेखित करून प्रत काढून ठेवा. कागद तुम्हाला का मिळाला नाही, याचं उत्तर तिथेच आहे.

सर्टिफिकेटं दोन का, हेही समजून घ्या. मृत्यूचं संरक्षण आयुर्विमा कंपनी देते. नोकरी जाण्याचं संरक्षण आयुर्विमा कंपनीला देताच येत नाही, ते जनरल इन्शुरन्स कंपनीकडून येतं. म्हणजे २१,२४० ही एक रक्कम दोन कंपन्यांत वाटली गेली आहे. प्रत्येक सर्टिफिकेटवर प्रीमियम आणि १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला असतो. उदाहरणार्थ १३,००० वर २,३४० आणि ५,००० वर ९००, अशी बेरीज २१,२४० होते. तुमच्या कागदांवरचे आकडे मांडून बेरीज जुळते का पाहा. जुळली नाही तर उरलेले पैसे कशाचे, हा वेगळा प्रश्न बँकेला विचारा. दोन कंपन्या आणि बँक, म्हणजे तुमचं पत्र तिघांना जायचं आहे. एकालाच पाठवलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि महिना तसाच निघून जातो.

आता तुमच्या बाजूने काय काय आहे ते बघू, कारण तुमची बाजू चांगली भक्कम आहे.

नोकरीचं कलम घ्या. या पॉलिसींच्या अटींत साधारणपणे असं असतं की संरक्षण कायम नोकरीवाल्यांना, तेही मालकाने नोकरकपात केली तरच. राजीनामा, करार संपणं, कामगिरी बरी नाही म्हणून काढणं, हे सगळं वगळलेलं असतं. मिळालेच तर तीन हप्ते मिळतात, तेही सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ उलटल्यावर. ११ महिन्यांच्या करारावर काम करणाऱ्या माणसाला याचा काडीचाही उपयोग नाही. जो विमा तुम्हाला कधी मिळूच शकत नव्हता, त्याचेच पैसे तुमच्याकडून घेतले. सर्टिफिकेटमधल्या पात्रतेच्या ओळीचा फोटो आणि तुमचं करारपत्र शेजारी शेजारी जोडा. याच्या जोडीला दुसरा युक्तिवाद लागणार नाही.

मग तब्येतीचं घोषणापत्र. सर्टिफिकेटच्या मागच्या पानांवर किंवा नावनोंदणीच्या अर्जात "मला कुठलाही आजार नाही, कुठलंही औषध चालू नाही" अशी ओळ आणि त्यापुढे टिक असते. तुम्हाला विचारलं नाही, म्हणजे ती टिक कुणीतरी दुसऱ्यानेच केली. ही गोष्ट प्रीमियमपेक्षा मोठी आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिल्या तीन वर्षांत कंपनी माहिती लपवल्याच्या कारणावरून पॉलिसीवर हरकत घेऊ शकते. उद्या काही झालं तर तुमच्या घरच्यांना दाव्याऐवजी नकाराचं पत्र येऊ शकतं, तेही तुम्ही न केलेल्या टिकमुळे. म्हणून हे अर्जात स्पष्ट लिहा: "आरोग्यविषयक प्रश्न मला विचारले गेले नाहीत. घोषणापत्रातली नोंद माझी नाही." थायरॉइडच्या औषधाच्या जुन्या चिठ्ठीची प्रत जोडा. विमा ठेवायचा ठरवलात तरीही ही दुरुस्ती लेखी कळवायलाच हवी.

तिसरा मुद्दा सक्तीचा. विमा घेतलात तरच कर्ज, अशी सांगड घालायला बँकांना परवानगी नाही. विमा घेणं पूर्णपणे ऐच्छिक आहे. अडचण एवढीच की "कंपल्सरी आहे" हे वाक्य फोनवर बोललं जातं आणि कागदावर तुमची "संमती" असते. त्यामुळे तोंडी काय बोललं गेलं यावर वाद घालण्यात शक्ती घालवू नका. बँकेकडचीच नोंद मागवा. लेखी मागायच्या गोष्टी या: नावनोंदणीचा अर्ज, ज्या ओटीपीने संमती दिली असं म्हणतात त्याची तारीख, वेळ आणि त्या वेळी स्क्रीनवर असलेला मजकूर, विक्रीच्या आणि पडताळणीच्या कॉलचं रेकॉर्डिंग, आणि विमा विकणाऱ्या माणसाचं नाव आणि त्याचा कोड. या शेवटच्या गोष्टीला फार वजन आहे. बँक विमा कंपनीची कॉर्पोरेट एजंट म्हणून काम करत असेल, तर विमा विकणारा माणूस प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेला "स्पेसिफाइड पर्सन" असावा लागतो. कर्जाच्या फाइली गोळा करणाऱ्या डीएसएच्या, म्हणजे बँकेच्या बाहेरच्या एजंटाच्या, मुलाकडे सहसा ते नसतं. बँकेने दुसऱ्याच कुणाचा कोड टाकला असेल, तर विचारा की या व्यक्तीशी माझं बोलणं कधी झालं, कुठल्या नंबरवरून झालं.

ओटीपीचा बाऊ करू नका. "ओटीपी दिला म्हणजे मान्य केलं" हे बँकेचं पहिलं उत्तर असतं. तुमच्या फोनमध्ये त्या दिवशीचे मेसेज अजून असतील, ते पुसू नका. प्रत्येक मेसेजचा मजकूर वाचा. त्यात "लोन अप्लिकेशनसाठी ओटीपी" एवढंच लिहिलं असेल आणि विम्याचा शब्दही नसेल, तर ती संमती कर्जाची आहे, विम्याची नाही. तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. ओटीपी मिनिटाभराच्या अंतराने आले असतील, तर तेही सांगा. एवढ्या वेळात दोन पॉलिसींच्या अटी कुणीही वाचू शकत नाही.

आता कर्जाच्या कागदांतला सगळ्यात कामाचा कागद: की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे केएफएस. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या आदेशाने १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ मुदतकर्जासोबत तो द्यावा लागतो, आणि तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात शुल्कांचा तक्ता असतो. एक रकाना बँकेला जाणाऱ्या पैशांचा, दुसरा बँकेमार्फत तिसऱ्याला जाणाऱ्या पैशांचा, आणि त्यात विम्याची ओळ वेगळी. ती ओळ कोरी असेल किंवा तिथे शून्य असेल, तर तुमचं काम अर्धं झालं. केएफएसमध्ये न दाखवलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. ओळीत २१,२४० लिहिले असतील, तर बँक म्हणेल की आम्ही दाखवलं होतं. त्यावर तुमचं उत्तर असं, की दाखवणं वेगळं आणि ऐच्छिक असणं वेगळं. नकार द्यायचा पर्याय मला कुठे दिला होता ते दाखवा.

त्याच कागदावर एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर असतो. विम्याचा खर्चही त्यात धरायचा असतो. तुमच्या आकड्यांवरून आम्ही हिशोब केला. ५ लाखांतून फक्त प्रोसेसिंग फी वजा केली तर दर साधारण १५.१ टक्के येतो. विमाही वजा करून हातात आलेले ४,६६,९६० धरले तर तो १७.१ टक्क्यांच्या आसपास जातो. तुमच्या केएफएसवर १५.१ च्या जवळचा आकडा असेल, तर विमा लपवला गेला आहे आणि हा मुद्दा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, थेट चालतो.

पैशाचा दुसरा हिशोब मागणीसाठी. विम्याचे २१,२४० तुम्ही रोख दिले नाहीत, ते कर्जातच घातले. म्हणजे त्या रकमेवरही तुम्ही १४ टक्क्यांनी व्याज भरता आहात. पहिल्या महिन्यात ते २४८ रुपये होतं. तुमच्या ११,६३४ च्या हप्त्यातले ४९४ रुपये निव्वळ या विम्याचे आहेत, आणि ६० हप्त्यांत ते २९,६५० च्या आसपास जातात. म्हणून नुसता प्रीमियम परत घेऊन थांबू नका. कर्ज दिल्याच्या तारखेपासून परताव्याच्या तारखेपर्यंतचं व्याजही मागा.

पत्र लांबलचक नको, एक पान पुरे. बँकेच्या प्रिन्सिपल नोडल ऑफिसरला (तक्रारी बघणारा बँकेचा वरिष्ठ अधिकारी) आणि दोन्ही कंपन्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना, एकाच दिवशी, ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा. साधारण असं लिहा:

"कर्ज खाते क्रमांक अमुक, सर्टिफिकेट क्रमांक अमुक आणि अमुक. कर्ज मंजुरीसाठी विमा सक्तीचा असल्याचं मला सांगण्यात आलं. माझी स्वतंत्र संमती घेतली नाही, आरोग्याचे प्रश्न विचारले नाहीत. नोकरीच्या संरक्षणाला मी कंत्राटी असल्यामुळे पात्रच नाही. सर्टिफिकेटं मला अमुक तारखेला पहिल्यांदा मिळाली, म्हणून आयुर्विमा सर्टिफिकेट मी फ्री लूक मुदतीत परत करत आहे. दोन्ही विमे सुरुवातीपासून रद्द करून २१,२४० रुपये आणि कर्ज दिल्याच्या तारखेपासून आकारलेलं व्याज परत करावं. संमतीच्या नोंदी, कॉल रेकॉर्डिंग, नावनोंदणीचा अर्ज आणि विक्रेत्याचा कोड द्यावा. रक्कम कर्ज खात्यात जमा केल्यास तिला मुदतपूर्व परतफेड समजून शुल्क लावू नये."

फ्री लूकच्या आधारावरच पैसे परत दिले, तर कंपनी संरक्षण दिलेल्या दिवसांचा जोखीम प्रीमियम आणि स्टॅम्प ड्यूटी कापू शकते. ती रक्कम फार नसते. तडजोड करायची वेळ आली तर तेवढी कपात मान्य करण्यात नुकसान नाही, असं आमचं मत आहे. सरेंडर व्हॅल्यूवर मात्र मान डोलवू नका.

मधल्या काळात हप्ता थांबवू नका, एकही नाही. रागाच्या भरात हप्ता चुकवला की सिबिलवर डाग बसतो, दंड लागतो आणि तुमची तक्रार "थकबाकीदाराची तक्रार" होऊन बसते. विम्याचे ४९४ वजा करून भरते, असंही करू नका.

शाखेतून किंवा त्या मुलाकडून फोन येतील. फोनवर मिटवू नका. "जे असेल ते ईमेलवर कळवा" एवढंच म्हणा. "चला, निम्मे परत देतो, तक्रार मागे घ्या" असं कुणी म्हटलं तर तेही लेखी मागा.

विमा कंपन्यांविरुद्धची तक्रार इर्डाच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, "बीमा भरोसा" पोर्टलवरही नोंदवा. टोल फ्री नंबर १५५२५५. तिथे टोकन क्रमांक मिळतो आणि कंपनीला साधारण दोन आठवड्यांत उत्तर द्यावं लागतं. पोर्टलवर निवाडा होत नाही, तक्रार कंपनीकडेच जाते, पण नियामकाच्या डोळ्यांसमोर जाते. त्यामुळे उत्तराचा सूर बरेचदा बदलतो.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर दोन दारं उघडी होतात आणि दोन्हीकडे वेगळं बोलावं लागतं. विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यातच आहे, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत. धायरीहून तुम्हाला मुंबई गाठायची गरज नाही. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचे वाद तिथे चालतात आणि समूह विम्याच्या (कर्जासोबत सर्टिफिकेट देऊन विकलेला विमा सहसा याच प्रकारचा असतो) तक्रारीही घेतात. कंपनीचा नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. तिथला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला तो मान्य नसला तर पुढचा मार्ग मोकळा राहतो. तिथे बोलायचं ते पॉलिसीबद्दल: अटी चुकीच्या सांगितल्या, पात्रता नव्हती, घोषणापत्र खोटं, कागद वेळेत मिळाला नाही.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार सीएमएस पोर्टलवर ऑनलाइन होते, माहितीसाठी १४४४८. इथे पुष्कळ लोक एक चूक करतात. "विमा कंपनी पैसे देत नाही" असं लिहितात आणि तक्रार कार्यक्षेत्राबाहेरची म्हणून बंद होते. इथे फक्त बँकेच्या वागण्याबद्दल लिहा: कर्जाला विमा जोडला, केएफएसमध्ये दाखवला नाही किंवा एपीआरमध्ये धरला नाही, स्वतंत्र संमती घेतली नाही, नोंदी मागूनही दिल्या नाहीत. बँकेला आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा जोडला नाही तर अर्ज तिथेच संपतो.

यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथल्या आयोगात, म्हणजे पुण्यातच, तक्रार दाखल करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. पण तिथे वेळ लागतो, आणि आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तेच प्रकरण घेत नाहीत. म्हणून आधी लोकपाल, मग आयोग. आयोगात जाण्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहायला हरकत नाही.

इंटरनेटवर शोधताना तुम्हाला "पीपीआय क्लेम" नावाची खूप पानं दिसतील. ती ब्रिटनची आहेत. तिथे असाच विमा लाखो कर्जदारांना विकला गेला, बँकांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली आणि तक्रारीची मुदत २९ ऑगस्ट २०१९ ला संपली. तिथले फॉर्म आणि तारखा इथे लागू नाहीत. "टक्केवारीवर तुमचा क्लेम मिळवून देतो" म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. वर लिहिलेल्या लोकपालांच्या दोन्ही वाटा फुकट आहेत. तक्रार नोंदवल्यावर "इर्डातून बोलतोय, रिफंड मंजूर झालाय, आधी एवढा टॅक्स भरा" असा फोन आला, तर तो भामट्याचा आहे. इर्डा असे फोन करत नाही.

एक विचार मात्र करून ठेवा. घरात कमावत्या तुम्ही एकट्याच असाल आणि दुसरा कुठलाही विमा नसेल, तर कर्जाच्या काळात संरक्षण हवंच. ते स्वतः निवडलेल्या टर्म पॉलिसीने घ्या, थायरॉइडची नोंद खरी करून. वैयक्तिक आयुर्विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही. नवी पॉलिसी हातात आल्यावरच जुनं संरक्षण गेलेलं बरं, तेव्हा तो अर्जही याच आठवड्यात करून टाका.

पैसे परत आले की तीन कागद मागून घ्या: दोन्ही कंपन्यांची रद्द केल्याची पत्रं, कर्ज खात्याचा उतारा आणि नवं परतफेडीचं वेळापत्रक. पैसे बहुधा कर्ज खात्यातच जमा होतील. मग हप्ता कमी करायचा की मुदत, हे बँकेला तुम्ही लेखी सांगा. सांगितलं नाही तर काही बँका रक्कम नुसती जमा दाखवून जुनंच वेळापत्रक चालू ठेवतात. पुढच्या हप्त्याच्या तारखेनंतर उताऱ्यावर मुद्दल खरोखर तेवढं उतरलं आहे का, आणि प्रीपेमेंटच्या नावाखाली काही कापलं आहे का, ते तपासा.